पाळकाचे चरित्र आणि घरातली साक्ष

रायपुराहून सुटीवर गावाकडे निघालेला मराठी नोकरदार नागपूरच्या गाडीत बसला, म्हणजे दुर्ग मागे पडल्यावर थोड्याच वेळात राजनांदगाव लागते. अंतर सत्तरेक किलोमीटरचे. डबा उघडून दशमी खावी की डोंगरगडपर्यंत थांबावे, एवढाच विचार या स्थानकावर बहुतेकांच्या मनात येत असेल. आमच्याही मनात अनेक वर्षे दुसरे काही येत नसे. परंतु 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा, आणि या वेळी सावकाश वाचून झाल्यापासून, या लोहमार्गावरून जाताना आम्हांस डब्यातल्या समोरच्या बाकाकडे पाहण्याची सवय लागली आहे. कारण याच मार्गावर, १८९३ च्या सुमारास, राजनांदगाव संस्थानात चाकरी धरण्यास निघालेल्या नारायण वामन टिळकांच्या समोर एक अनोळखी युरोपियन गृहस्थ येऊन बसले. काव्याच्या गोष्टी झाल्या, धर्माच्या झाल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी 'नव्या करारा'ची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी काव्याच्या व मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील एवढी मोठी घटना आपल्या या छत्तीसगडच्या वाटेवर, एका आगगाडीच्या डब्यात सुरू झाली, हे येथे बदलून आलेल्या मराठी माणसाने तरी विसरू नये.

टिळक हे पुढे रीतसर पाळक झाले. अमेरिकन मराठी मिशन ही काँग्रिगेशनल पंथाची संस्था. तिच्या अहमदनगर येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांनी शिकविले, १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले, आणि मंडळीत गाण्याजोगी अशी शेकडो पदे रचली. ओवी, अभंग, कीर्तन ही आपल्या संतांची साधने त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेस लावली. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती धरली व सातारा येथे 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, म्हणजे आयुष्य अवघे सत्तावन्न वर्षांचे.

हा झाला तपशील. असा तपशील लिहिताना आम्हां कारकुनांस आपल्या कचेरीतील सेवापुस्तकाची आठवण होते. नेमणूक अमुक तारखेस, बदली अमुक ठिकाणी, बढती, रजा, निवृत्ती किंवा मृत्यू. त्यातील एकही नोंद खोटी नसते, आणि सगळ्या नोंदी एकत्र करूनही त्या माणसाच्या घरी दिवा कोणी लावला हे कळत नाही. पाळकांची चरित्रे बहुधा या सेवापुस्तकाच्या वळणावर जातात. फरक इतकाच, की तेथे शेरे मारणारा वरिष्ठ अधिकारी परमेश्वर असतो. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते मनःपूर्वक लिहिलेले आहे, टिळकांचे भारतीयत्व त्यात ओळखलेले आहे, आणि अभ्यासकास ते टाळून पुढे जाता येणार नाही. तथापि त्यातील टिळकांचा प्रवास हा शोधाकडून प्राप्तीकडे चढत जाणारा एक जिना आहे. उलट बाजूस, त्या काळच्या सनातनी घरांत याच आयुष्याची जी गोष्ट सांगितली जाई, ती एका विद्वान ब्राह्मणाच्या बुडण्याची होती. एका गोष्टीत माणूस तरला, दुसरीत बुडाला. दोन्ही गोष्टींस एक मोठी सोय आहे: त्याच्यामागे घरात राहिलेल्या माणसांचा हिशेब कोणासच द्यावा लागत नाही.

तो हिशेब लक्ष्मीबाई टिळकांनी दिला. १८६८ साली जन्मलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईंनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ पासून ती भागशः पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. या ग्रंथाविषयी आजवर जे बोलले गेले त्यात दोन शब्द वारंवार येतात: 'साधेपणा' आणि 'विनोद'. शाळेत आपण सर्वांनीच त्यातील एखादा उतारा हसत हसत वाचलेला असतो, आणि बहुतेकांचा या ग्रंथाशी संबंध तेथेच संपतो. भोळ्या बाईने भोळेपणाने सांगितलेल्या भोळ्या नवऱ्याच्या गमती, अशी एक समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. आमचे म्हणणे या समजुतीविरुद्ध आहे. 'स्मृतिचित्रे' हे एका धर्मोपदेशकाच्या जीवनमरणाचे मराठीतील सर्वांत कठोर आणि म्हणूनच सर्वांत विश्वसनीय चरित्र आहे, आणि त्याचा विनोद ही त्या कठोरपणाची रीत आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ग्रंथाचा आरंभ पाहावा. पाळकाची कथा सांगावयास निघालेली लेखिका आपल्या वडिलांच्या सोवळ्यापासून सुरुवात करते. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत एका निकटच्या आप्तास फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने विटाळाचा असा धसका घेतला की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात येईना. त्या सोवळ्याचा जाच घरातल्या बायकामुलांनी सोसला. वरवर पाहता हे एका विक्षिप्त माणसाचे वर्णन आहे, आणि ते वाचताना हसूही येते. परंतु पुढे बाप्तिस्म्याचे प्रकरण आले म्हणजे या आरंभाचा अर्थ उलगडू लागतो. बापाच्या घरी पाणी होते ते स्पर्श धुऊन टाकण्याचे. नवऱ्याने जे पाणी माथ्यावर घेतले ते सर्व स्पर्श एक करण्याचे. आणि या दोन्ही पाण्यांपायी भिजली ती एकच बाई. दोन्ही पुरुष आपापल्या परीने पावित्र्याच्या मागे लागलेले आहेत, दोघेही प्रामाणिक आहेत, आणि दोघांच्याही पावित्र्याचा खर्च घरातल्यांच्या खाती पडला आहे. लेखिका ही तुलना कोठेही मांडीत नाही. ती फक्त आधीची गोष्ट आधी सांगते. भोळेपणाने लिहिणाऱ्याच्या हातून अशी मांडणी एखाद्या वेळी घडेल. सबंध ग्रंथभर घडणार नाही.

आता धर्मांतराचे प्रकरण. येथे वाचकाची जी अपेक्षा असते ती हा ग्रंथ पुरी करीत नाही. टिळकांच्या मनात काय चालले होते, तुकोबांच्या वाटेने ते ख्रिस्तापर्यंत कसे पोचले, गिरिप्रवचनाने त्यांस काय दिले, हे सारे जाणून घ्यावयाचे तर त्यांच्या कवितेकडे व त्यांच्या स्वतःच्या निवेदनांकडे जावे लागते. आगगाडीच्या त्या डब्यात लक्ष्मीबाई नव्हत्या. मुंबईच्या त्या चर्चमध्येही त्या नव्हत्या. ज्या ठिकाणी आपण नव्हतो तेथील प्रकाशाचे वर्णन त्या करीत नाहीत. त्या जेथे होत्या तेथील अंधाराचे मात्र करतात: बातमी कशी आली, घरात कोण कसे वागले, नवरा जिवंत असता आपण कोण, हा प्रश्न जिभेवर न आणता दिवस कसे ढकलले. त्यानंतर नाशिक, पंढरपूर असे नातलगांच्या आश्रयाने वर्षे गेली. टिळकांची पत्रे येत राहिली. धर्मशास्त्राने तुटलेले आणि संसाराने न तुटलेले असे ते नाते होते. त्यास नाव देण्याची सोय त्या समाजात नव्हती, आणि लेखिकाही देत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. ज्या श्रद्धेसाठी माणसाने एवढे सोडले, ती श्रद्धाच ज्या चरित्रात बाहेरून दिसते, त्यास पाळकाचे चरित्र कसे म्हणावे? आक्षेप खरा आहे. मंडळीपुढे उभे असलेले टिळक, एकांतात प्रार्थना करणारे टिळक, कीर्तनात रंगलेले टिळक या ग्रंथात आहेत ते ओझरते. १९१७ चा 'देवाचा दरबार' ही वस्तुतः टिळकांच्या विचारांची परिणती होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, परदेशी मिशनच्या छत्राबाहेर एक देशी बंधुसंघ उभा राहावा, ही कल्पना त्या काळी किती धाडसाची होती हे सांगावयास नको. 'स्मृतिचित्रां'तून मात्र वाचकाच्या मनावर ठसते ते हे, की ठरलेले वेतन बंद झाले आणि घराची घडी पुन्हा मोडली. तसेच दुष्काळातली अनाथ मुले, नगरकडील गरीब ख्रिस्ती कुटुंबे ही या ग्रंथात येतात ती बहुतेक टिळकांच्या औदार्याच्या छायेत. त्यांचा स्वतःचा आवाज क्वचित ऐकू येतो. या मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. श्रद्धेच्या आतील बाजूसाठी टिळकांची 'अभंगांजली' जवळ ठेवावी आणि मगच 'स्मृतिचित्रे' वाचावी, असे आम्ही सुचवू.

परंतु याच मर्यादेतून ग्रंथाचे बळ आले आहे. स्वतः लक्ष्मीबाईंचे परिवर्तन पाहा. त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी दीर्घ काळ आपली चूल व आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. पाळकाच्या घरात, ख्रिस्ती माणसांच्या राबत्यात, एका कोपऱ्यात ब्राह्मणी स्वयंपाक चालू आहे, आणि टिळक तो चालू देत आहेत! धर्मोपदेशकाची कसोटी कोठे लागते, असे कोणी विचारले तर आम्ही या कोपऱ्याकडे बोट दाखवू. जगाला उपदेश करणाऱ्या माणसाने घरात सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा निकाल बाईंनी आपल्या बुद्धीने, आपल्या वेळी लावला, आणि मगच १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. उपदेशाने जिंकलेल्या शेकडो आत्म्यांची यादी एखाद्या चरित्रकाराने दिली असती तरी टिळकांविषयी आमचा आदर इतका वाढला नसता, जितका या वेगळ्या चुलीने वाढला.

टिळकांचे दोषही ती त्याच हाताने मांडते. संतापी स्वभाव, क्षणात उठून दुसऱ्या गावी निघणे, घरखर्चाचे पैसे भलत्याच कारणी लावून मोकळे होणे, हाती आलेले कोणासही देऊन टाकणे. दानशूरपणाचे असे वर्णन इतर चरित्रांत गुण म्हणून येते. येथे ते दुसऱ्या दिवशीच्या डाळतांदळाच्या बाजूने येते. पण त्याच मोकळ्या दाराने त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा कवी या घरात आला. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याचे कौतुक झाले तो हा मुलगा, आपला बालकवी, टिळक दांपत्याच्या नगरच्या घरी पुत्रवत वावरला. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. त्यानंतर वर्ष आणि चार दिवसांनी टिळक गेले. दार मोकळे ठेवण्याचा खर्च आणि त्याची कमाई, दोन्ही या ग्रंथात एकाच वहीत लिहिली आहेत. टिळक एकटे थोर आणि बाकीचे लहान, अशी मांडणी करण्याचा मोह येथे सहज होण्यासारखा होता. लक्ष्मीबाई त्यास बळी पडल्या नाहीत. तसेच आपण सोसले म्हणून नवऱ्यास लहान करण्याचा मोहही त्यांनी टाळला. या दोन मोहांमधली जी अरुंद वाट, तीवरून चालताना तोल राखण्यास विनोदाची काठी लागते.

अखेरीस मृत्यू. पाळकांच्या चरित्रात मृत्यूचे प्रकरण म्हणजे शेवटचे प्रवचनच असते. शय्येभोवती मंडळी, मुखावर तेज, ओठांवर वचन. टिळकांनी मात्र आपल्या देहाविषयी जी इच्छा सांगून ठेवली ती ख्रिस्ती रिवाजास धरून नव्हती. आपला देह पुरू नये, दहन करावा, आणि रक्षा नगरास न्यावी, असे त्यांनी सांगितले, आणि तसेच झाले. काव्यात अभंग ठेवला, उपदेशात कीर्तन ठेवले, त्याच क्रमाने मरणात अग्नी ठेवला. ज्या समाजातून ते बाहेर पडले त्याच्याशी तंटा त्यांनी केला असेल. पण त्याचा निरोप त्यांनी कधी घेतला नाही.

या इच्छेचे महत्त्व आम्हांस येथे रायपुरास राहून अधिक जाणवले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच या राज्यातील बस्तरमधल्या एका खेड्यात एक पाळक वारले. त्यांस गावात मूठमाती द्यावी की देऊ नये, हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला. दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली, आणि अखेर गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करावे असा आदेश झाला. आम्ही सरकारी नोकर. न्यायालयाच्या निर्णयावर टीकाटिप्पणी करणे आमचे काम नव्हे, आणि या लेखाचेही नव्हे. परंतु धर्म बदललेल्या माणसाचा देह शेवटी कोणाचा, हा प्रश्न जुना झालेला नाही, एवढे तर त्या बातमीने दाखविले. टिळकांनी या प्रश्नास दिलेले उत्तर सर्वांनाच लागू पडेल असे नाही. ज्यास आपल्या बापाच्या शेजारी मातीत निजावयाचे आहे त्यास दहनाचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. टिळकांना निवड होती, आणि ती त्यांनी स्वतः केली. त्यांच्या उत्तराचे मोल त्या निवडीत आहे. ज्यास निवडच उरत नाही त्याच्या मरणाची गोष्ट निराळी, आणि ती लिहिणारी लक्ष्मीबाई अद्याप मिळावयाची आहे.

आणि येथे आम्ही या ग्रंथाच्या सर्वांत मोठ्या गुणाकडे येतो. टिळकांच्या मृत्यूनंतर 'स्मृतिचित्रे' संपत नाहीत. नायक गेला म्हणजे चरित्र मिटते, हा सर्वमान्य नियम; हा ग्रंथ तो पाळीत नाही. विधवा झालेली बाई पोटासाठी काय करते, मुलांच्या संसारात कशी वावरते, मराठी मुलखापासून दूर कराचीस जाऊन तेथे कशी रुळते, हे सारे पुढे येत राहते. टिळकांनी आरंभून अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांनी नेटाने पुढे नेले. ग्रंथ पुरता होण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई गेल्या. अखेरचा मजकूर पुत्र देवदत्त यांच्या हातून पुरा झाला. मृत्यूने काय नेले, हे शय्येजवळच्या शब्दांत कळत नाही. ते पुढच्या वर्षांत कळते. टिळकांच्या पश्चातली ही पाने गाळून ज्याने ग्रंथ वाचला, त्याने टिळकांचा मृत्यू वाचलाच नाही असे आम्ही म्हणू.

राजनांदगावास आपण मराठी माणसे आणखी एका कारणाने थबकतो. ज्यांची मातृभाषा मराठी आणि काव्यभाषा हिंदी, ते गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. १९६४ साली ते वारले. एकाच गावाने एका मराठी कवीस दुसऱ्या धर्माच्या उंबरठ्यापर्यंत पोचविले आणि दुसऱ्यास दुसऱ्या भाषेत आपले घर करू दिले. परमुलखात राहिलेल्या माणसाचे काय होते, याची ही दोन उत्तरे. आपल्यापैकी बहुतेकांचे काही होत नाही. बदलीचा हुकूम येतो आणि आपण सामान बांधतो.

परंतु सामान कोण बांधते? हा प्रश्न आम्हांस या वाचनाने पडला. प्रवासभत्त्याच्या बिलात कुटुंबाची माणसे किती आणि सामान किती किलो, हे आम्ही दर खेपेस बिनचूक भरले आहे. मुलांच्या शाळेपायी आमच्या घरची मंडळी सध्या गावाकडे आहेत. गेल्या दिवाळीत आम्ही हा ग्रंथ घरी नेला होता. आठ दिवसांत तो वाचून परत करताना त्या एवढेच म्हणाल्या, "यातल्या सगळ्या गावांत ती बाई पाणी कुठून भरत होती, ते तिनं बरोबर लिहिलंय." आम्ही टिळकांच्या ईश्वरनिष्ठेविषयी काही बोलणार होतो, ते राहून गेले. रायपुरास परत येताना राजनांदगावचे स्थानक रात्री लागले. समोरचा बाक रिकामा होता.

'स्मृतिचित्रां'ची शाळेतील ओळख पुरेशी नाही. पूर्ण ग्रंथ मिळवावा. टिळकांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टीपांसह संपादिलेली आवृत्ती हाती आली तर अधिक बरे. अमराठी स्नेह्यांस द्यावयाचे झाल्यास शांता गोखले यांनी २०१७ साली केलेले इंग्रजी भाषांतर आहे. आणि ज्यांची घरची मंडळी दूर आहेत, त्यांनी तो वाचून झाल्यावर घरी पाठवावा. त्यावर घरून जो अभिप्राय येईल, तो आमच्या या लेखापेक्षा अधिक मोलाचा असेल, याविषयी आम्हांस शंका नाही.